समुद्रफुलं रंगवणारा

भास्करला देवाघरी जाऊन वर्ष लोटलं, तरी हेमाला तो आठवे तो पाठमोराच... तोंड समुद्राकडे, मांडीवर रंगांची पेटी.

पहिल्यांदा दिसला तोही तसाच. सन एकतीस, दिवाळीची सुट्टी. मांडवीच्या खडकांवरून ती देवीला फुलं घेऊन चालली होती.

"जरा बाजूला होता? तुमची सावली पडली, की हे समुद्रफूल मिटतं. फूल नव्हे, प्राणी आहे हा."

हेमा सरकली, पण बोलली नाही. आई दोन महिने तापाने अंथरुणावर. तिला उतार पडावा म्हणून चातुर्मास संपेपर्यंत रोज सकाळी देवीला फूल वाहीपर्यंत मौन धरलं होतं.

"मी भास्कर. मुंबईला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आपण?"

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"अरेरे... बोलता येत नाही?" तो इतका कळवळला, की तिला हसू दाबावं लागलं.

मग रोजच गाठ पडू लागली.

"निळा जास्त झाला?" — तिची मान होकाराची.

"आणि मी? फारच बोलतो ना?" — तीच मान, जरा जोरात.

"उद्या याल?" — ती परडीतली फुलं सारखी करत राहिली...

भाऊबीजेच्या सकाळी उधाणाची भरती होती. भास्कर पुढच्या खडकावर, चित्रात बुडालेला. मागची वाट पाण्याखाली चाललेली. हेमाने काठावरून ते पाहिलं. हाक मारावी तर व्रत... आणि घरात आई! एक लाट त्याच्या पायाशी फुटली.

"भास्करराव! मागे बघा — पळा!"

पेटी तिथेच टाकून, छातीभर पाण्यातून तो कसाबसा काठाला लागला.

कालवं काढून परतणारी सोनूबाई ओरडली, "आगो बाय, तुजा मुका उपास मोडला! कुनासाटी गो?"

भास्कर धापा टाकत म्हणाला, "तुम्ही... बोलता?"

"व्रत होतं. आईसाठी." हेमाला रडू फुटलं. "तिला काही झालं तर?"

तो हसला नाही. "चला. मी येतो. काय असेल ते दोघं बघू."

वाटभर ती जवळजवळ धावतच होती. घराचं दार उघडं, आत चिडीचूप...

"आई?"

आई माजघरात, भिंतीला टेकून पेज पीत बसली होती. मागच्या ओल्याचिंब माणसाकडे बघून क्षीण आवाजात म्हणाली, "हा गो कोण?"

हेमाने डोळे पुसले.

"ज्याच्यासाठी मी बोलले, तो."