जागा चुकलेली पाटी

मेहुणा चढ चढून आला तेव्हा रंगारी वस्तीच्या तोंडाशी पाटी रंगवत बसला होता. मेहुणा जवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, ताई गेली. ब्रश खाली ठेवा."

रंगाऱ्याने ठेवला नाही. शेवटच्या अक्षराचा काना तेवढा राहिला होता. तो त्याने ओढला आणि मग ब्रश खाली ठेवला.

याच जागी ती त्याला पहिल्यांदा भेटली होती. एका पर्यटन कंपनीने त्याला 'आदिवासी पाहा' अशी पाटी लिहायला धाडलं होतं. ती येऊन आडवी उभी राहिली.

"पाहायला आम्ही काय पिंजऱ्यात आहोत?"

तो म्हणाला, आपण हुकमाचे ताबेदार.

"मग आता माझा हुकूम ऐक. पूस."

त्याने पुसलं. त्याच्या गालावरचा निळा डाग तिने अंगठ्याने पुसला... आणि कंपनीचं काम तिथेच संपलं.

पाहुणे बोलवायचे तर ते वस्तीने बोलवायचे, असं तिचं म्हणणं. तेही थोडेच. गोष्टी आपल्या म्हाताऱ्यांनी सांगायच्या, मिळकत वस्तीतच राहायची, आणि झऱ्याकडे कुणालाही न्यायचं नाही, कारण तिथे पूर्वज निजलेत. म्हातारे कुरकुरले. तिने घरोघरी बसून एकेकाला राजी केलं.

स्वागताची पाटी रंगाऱ्याकडे आली. त्यांच्या बोलीत 'लेमा' म्हणजे ये, टेक. या शहाण्याने ठसक्यात लिहिलं 'लेम्मा'. म्हणजे चालता हो. अख्खी वस्ती पोट धरून हसली.

"बरोबर लिहिलंस," ती म्हणाली. "फक्त जागा चुकली. पाहुणे यायला लागले की ही झऱ्याच्या वाटेवर लावू. आपण दोघं."

"दोघं... म्हणजे?"

"म्हणजे काय? खांब एकट्याने धरता येतो होय?"

त्यांचा कबुलीजबाब तो एवढाच. लग्नानंतर तो रोज दारात उभा राहून विचारायचा, आज लेमा की लेम्मा? "लेम्मा," ती म्हणायची. "पण आधी जेव."

शेवटच्या आजारात, दवाखान्यातही तिने तोच शब्द वापरला. पहिले पाहुणे तोंडावर आलेले, स्वागताची नवी पाटी कोरी, आणि हा तिच्या उशाशी. हातात जोर उरला नव्हता तरी तिने त्याला ढकललं.

"लेम्मा. पाटी पुरी कर... मी आहे."

त्याला वाटलं, नेहमीसारखीच चेष्टा करते आहे. तो गेला.

पाहुणे आले. तिने ठरवलं होतं तसंच सगळं पार पडलं. 'लेमा' वाचून एक पाहुणी म्हणाली, अक्षर छान आहे, शेवटचा काना जरा हललाय. रंगाऱ्याने नुसती मान डोलावली.

झऱ्याच्या वाटेवर पाटीच्या खांबासाठी खड्डा खणून तयार आहे. मेहुणा रोज तिथे उभा राहून पाहुण्यांना माघारी पाठवतो. खांब धरायला मी येतो, असंही तो म्हणाला. रंगारी आज-उद्या करतो. 'लेम्मा' अजून घरात भिंतीला टेकून आहे.