अंगणात न शिकवलेला शब्द

समोर ना वाघ, ना साप. समोर फक्त चार माणसं बसलेली. मग माझी जीभ टाळ्याला का चिकटावी? हातांना घाम का फुटावा? हे कोडं मला कधीच सुटलं नव्हतं. वर्गातली मुलं ‘भित्री भागूबाई’ म्हणून मोकळी व्हायची. त्यांचं काय जातंय!

पण ऋजुताचे बाबा अचानक गेले आणि हे कोडं माझ्या जिवाशी आलं. ऋजुता ही अख्ख्या मिरजेतली माझी एकुलती एक मैत्रीण. आईबरोबर मी त्यांच्या फाटकापर्यंत गेले, आत बसलेली माणसं पाहिली आणि उलट पावली पळाले. ऋजुतानं ते खिडकीतून पाहिलं. त्यानंतर तिचा फोन आलाच नाही.

“नाना, मला तिच्याकडे जायचंय हो, पण पायच उचलत नाही,” मी रडतच म्हणाले. नाना म्हणजे आईचे वडील. ते मेंदूवर संशोधन करतात.

नानांनी मला जवळ बसवलं. “शलाका, आपल्या मेंदूत अमिग्डाला असतो (बदामाएवढा भाग, धोक्याची घंटा वाजवणारा). वाघ दिसला की तो घंटा वाजवतो, छाती धडधडते, पळायला बळ येतं. तुझा जरा जास्तच घाबरट आहे. त्याला माणसंही वाघच वाटतात.”

“मग समजवा ना त्याला!”

“बोलून नाही गं समजत. तू पळालीस की तो म्हणतो, बघा, पळालो म्हणून वाचलो! तू थांबलीस आणि काहीच बिघडलं नाही, तर त्याचा अंदाज चुकतो. अंदाज चुकला की तो शिकतो.”

त्यांनी माझ्या डोळ्यांवर एक जाड चष्मा चढवला. आत आभासी वास्तव होतं (संगणकानं डोळ्यांना आणि कानांना खरं भासवलेलं जग). नानांनीच बनवलेल्या त्या ॲपचं नाव ‘अंगण’. आधी संगणकाची माणसं भेटली, मग माझ्यासारखीच घाबरणारी खरी मुलं, प्रत्येक जण आपापला अवतार (आभासी जगातलं आपलं रूप) घेऊन आलेला. गडचिरोलीचा एक मुलगा हत्ती होऊन यायचा आणि अडखळत बोलायचा. पहिल्यांदा मी चष्मा ओढूनच काढणार होते.

“थांब,” नाना म्हणाले. “वाजू दे घंटा. फक्त थांब.”

थांबले. धडधड हळूहळू उतरली. पुढे हत्तीशी चक्क गप्पा झाल्या. निघताना ‘येते हं’ म्हणायचं, हेसुद्धा मी घोकून घोकून शिकले.

आठवडाभर रोज असा सराव झाल्यावर नानांनी चष्मा कपाटात ठेवला. “हा पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसला डबा होता गं. आता त्याच्याशिवाय पोहायचं.”

ऋजुताच्या घरी पुन्हा तीच माणसं होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. “त्या दिवशी मी पळाले. मला माणसांची भीती वाटते,” एवढंच बोलता आलं. मी तिचा हात धरून बसून राहिले.

निघताना सवयीनं तोंडातून गेलं, “येते हं!”

खोली एकदम चिडीचूप. अशा घरातून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत. पुन्हा अशा कारणानं यायची वेळ येऊ नये, म्हणून लोक मुकाट्यानं उठून जातात. अंगणात हे कुणी शिकवलंच नव्हतं!

“अगं बाई, असं म्हणतात का!” ऋजुताची आत्या म्हणाली.

मी जीभ चावली. ज्याची भीती होती, नेमकं तेच झालं होतं. पाय दाराकडे वळले. छातीत घंटा घणघणत होती. वाजू दे, म्हटलं, आणि थांबले.

ऋजुतानं मान वर केली. “म्हणू दे गं तिला, आत्या. सगळे न बोलता जातात आणि मग कुणी येतच नाही.” ती माझ्याकडे वळली. “खरंच येशील ना?”

“येईन. उद्याच येईन.”

घरी सगळं सांगितलं, तेव्हा नानांनी डोळे पुसले. म्हणाले, “अंगणात असं एक घर बांधायला हवं. माझ्या लक्षातच आलं नाही बघ.”

“बांधू या. पण नाना, त्यात चुकायलाही जागा ठेवा.”

दुसऱ्या दिवशी फाटकाशी छाती पुन्हा धडधडली, पण कालच्यापेक्षा कमी. ऋजुता पायरीवर माझी वाट बघत बसली होती.