सूत्रधारानं नदी आटवली

सृष्टी आत्याची कीर्तनाची वही बाइंडिंगला घेऊन सात रस्त्याजवळच्या शिवूच्या झेरॉक्स दुकानात गेली, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे चार.

"वर बसा की," शिवू म्हणाला. "लाईट आली की दहा मिनिटांत करून देतो. वर आमचा खेळ चाललाय. मीपण तिथंच आहे."

माळ्यावर सतरंजी, तिच्यावर हातानं रंगवलेला मोठा नकाशा, नकाशाच्या मधून वळणं घेत गेलेली निळी नदी. एका बाजूला चेतना नावाची मुलगी मुठीत फासा खुळखुळवत बसलेली. आणि भिंतीला टेकून, बोटांना निळा रंग लागलेला एक तरुण सावकाश, खालच्या आवाजात सांगत होता, "नदीला पूर आलाय. नावाडी म्हणतो, आज नाव सोडणार नाही. बोला, काय करता?"

"मी पोहत जाते," चेतना म्हणाली.

"मरशील बे," शिवू म्हणाला.

जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या सृष्टीच्या तोंडून निघूनच गेलं, "त्याला गाणं म्हणून दाखवा ना... रोज पाण्याच्या आवाजात राहणारा माणूस, गाण्याला नाही म्हणायचा नाही."

भिंतीला टेकलेल्या तरुणानं वर पाहिलं. क्षणभर बघतच राहिला.

"कोण म्हणणार? आमच्यात सगळे बेसूर."

"मी... म्हणेन."

"मग बसा. आजपासून तुम्ही या काठावरच्या गाणारीण."

लाईट आली, वही बांधून झाली, तरी सृष्टी खाली उतरली ती सहा वाजता.

खेळ तसा साधा. सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन आपण काय करतो ते सांगतात, जिथं शंका तिथं फासा. गोष्ट मात्र एका दिवसात संपत नाही. रविवारमागून रविवार वाढत जाते. शिवूचा मिठाचा व्यापारी, चेतनाची कोळीण, सृष्टीची गाणारीण. सूत्रधार मल्लिकार्जुन. शाळेत चित्रकला शिकवायचा, अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा. उरलेली सगळी माणसं त्याच्याच तोंडून बोलायची. पाटील, भुतं, चोर, आणि तो नावाडी.

सृष्टीला गोष्टी ऐकायची सवय लहानपणापासूनची. आत्या, यशोदाबाई, कीर्तनकार, आणि सृष्टी तिच्या मागं पेटीवर. पण गोष्टीच्या आत बसायला मिळणं हे नवंच होतं. आठवडाभर ऑफिसात फायली लावताना तिच्या मनात ती नदी वाहायची.

"बाईसाहेब, आज उशीर केलात," नावाडी म्हणायचा.

"तुमच्या नावेला काय घाई आहे?"

"नावेला नाही हो. नावाड्याला आहे."

शिवू खोकायचा. चेतना म्हणायची, "आमची मासळी सडायला लागली इथं. फासा टाका कुणीतरी." मल्लिकार्जुन नकाशात डोकं घालायचा, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या सृष्टीला दिसायच्याच.

सहाव्या रविवारी नावाड्यानं विचारलं, "पलीकडच्या राजवाड्यातून तुम्हाला बोलावणं आलंय. जाणार?"

सृष्टीनं फासा हातात घेतला, टाकला नाही. "नाही. मी याच काठावर राहते. इथं... ऐकणारा आहे."

मल्लिकार्जुननं घाईघाईनं नकाशाची घडी घातली. "पुढचं पुढच्या रविवारी." खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते. आपण गाणारिणीच्या तोंडून काय बोलून बसलो हे सृष्टीला घरी गेल्यावर पुरतं उमगलं आणि ती उशीत तोंड खुपसून हसली. पुढच्या रविवारी नावाडी काय उत्तर देणार, याची सतरा उत्तरं तिनं स्वतःच रचून पाहिली.

अठरावं मिळालं.

"तीस वर्षं गेली," मल्लिकार्जुननं सुरुवात केली. तो तिच्याकडं बघत नव्हता. नवा नकाशा उलगडला, त्यावर नदीच्या जागी नुसती पिवळी वाळू. "नदी आटली. नावा मोडून लोकांनी चुलीत घातल्या. नावाडी आता नाही."

"नाही म्हणजे?" सृष्टीनं विचारलं.

"नाही म्हणजे... गोष्टीत नाही."

"काय बे मल्ल्या," चेतना भडकली. "सांगायचं तरी आधी. माझ्या कोळणीनं काय वाळू विकायची? सात रविवार घालवले मी तिच्यावर."

"माझं मीठ तरी ठेवलंस का तेपण गेलं?" शिवूनं विचारलं.

सृष्टीनं फासा नकाशाच्या कडेला सारला. आपण मन उघडं केलं, आणि समोरच्यानं उत्तर म्हणून अख्खी नदी पुसून टाकली. एवढा स्वच्छ नकार तिला कुणी दिला नव्हता. "आत्यानं लवकर बोलावलंय," असं म्हणून ती उठली. पुढच्या रविवारी गेली नाही.

रामनवमीला देवळात आत्याचं कीर्तन. दहापासूनच ऊन तापलेलं, मांडवात मोगऱ्याचा वास, पंखे गरम वारा ढवळणारे. पेटीच्या मागून सृष्टीनं सहज पुरुषांच्या बाजूला पाहिलं आणि तिची बोटं चुकीच्या पट्टीवर पडली. खांबाला टेकून मल्लिकार्जुन बसला होता.

पूर्वरंग झाला. आत्यानं निरूपण थांबवलं. मंडळींनी तिला हार घातला, बुक्का लावला, सगळ्यांनी मिळून रामनामाचा गजर केला. म्हातारी माणसं मांडी बदलून बसली, आयांनी लेकरं सावरली. मगच आत्यानं जन्माचं आख्यान घेतलं. बाराला पाळणा हलला, गुलाल उडाला आणि सृष्टीच्या हाती सुंठवड्याची परात आली.

रांगेत त्याचा तळवा पुढं आला. आज बोटांना हिरवा रंग होता.

"मधे सगळे थांबले ते कशाला?" त्यानं हळूच विचारलं.

"पुढं गोष्ट बदलते म्हणून. आधी ऐकणाऱ्यांना सावरून बसू देतात." तिनं चमचा आपटलाच त्याच्या हातावर. "एकदम कुणाला वाळूत नेऊन सोडत नाहीत."

"मला हे शिकायला हवं होतं."

"मग शिका. रांग अडलीय."

रांग संपेपर्यंत तो प्राजक्ताच्या झाडाखाली थांबला. शेवटी परात रिकामी घेऊन ती गेलीच त्याच्याकडं.

"नाही म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं होतं," सृष्टी म्हणाली. "मी काही रडले नसते."

"नाही? कशाला नाही?" तो गोंधळला. मग एकदम त्याच्या लक्षात आलं. "तुम्ही असं समजलात?... अहो, त्या दिवशी तुम्ही नावाड्याला म्हणालात, ऐकणारा आहे. आणि मला... जळायला झालं."

"कुणावर?"

"नावाड्यावर."

सृष्टी त्याच्याकडं बघत राहिली. "तो तुमचाच होता."

"म्हणून तर. त्याच्या तोंडून मी काहीही बोलायचो, आणि घरी जाताना तुम्हाला साधं 'सोडू का स्टँडपर्यंत' म्हणवत नव्हतं. वाटलं, तो मधून गेला तर मला बोलावं लागेल."

"एका माणसाला घालवायला सगळी नदी आटवलीत?"

"घाईत दुसरं सुचलं नाही."

तिच्या छातीवर पंधरा दिवस बसलेलं ओझं असं उतरलं, की तिला परात खाली ठेवून हसावं लागलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. रामराया, ही माणसं!

"चेतनाची माफी मागितलीत?"

"मागितली. ती म्हणाली, आधी पाणी सोड, मग बोल. सोडतोय, रंगवणं चाललंय. आता बदल करायचा तर चौघांना विचारून करायचा, असं ठरलं." तो थांबला. "पण चौथी येणार का... ते माहीत नाही."

"येईल."

"आणि... ते दुसरं? नावाड्याला म्हणालात ते?"

"मास्तर, तुम्ही चित्रं चांगली काढता, पण डोकं जरा कमी आहे," सृष्टी म्हणाली. "नावाड्याच्या तोंडून कोण बोलतंय, हे मला दिसत नव्हतं का? मी ज्याला म्हणाले, तो समोर भिंतीला टेकून बसला होता."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. या वेळी लपवायला नकाशा नव्हता.

"सृष्टे," मांडवातून आत्यानं हाक मारली, "पेटी कोण उचलणार गं?... आणि हे कोण?"

"हे मल्लिकार्जुन. पेटी हेच उचलणार आहेत," सृष्टी म्हणाली, आणि आवाज खाली आणून त्याला म्हणाली, "उचल ना. जेवायलाच थांब आता."

देवळाच्या फरशा तव्यासारख्या तापलेल्या, पायांत चपला नाहीत. बाकीचे लोक टुणटुण उड्या मारत सावलीकडं पळत होते. पेटी छातीशी धरून मल्लिकार्जुन मात्र तिच्या बरोबरीनं, अगदी सावकाश चालत गेला.