रिकाम्या रेलवरचं वजन

गोडाऊनमध्ये रॅक बसवणं हे माझं काम. त्यात भिण्यासारखं काही नाही, असं मी आजही लोकांना सांगते. लोखंडाचे खांब, त्यांना आडव्या रेल, त्यांवर पॅलेट, म्हणजे माल रचलेल्या लाकडी चौकटी. किती वजन पडलं की रेल किती वाकेल, हे आधीच ठरलेलं असतं. माणसांपेक्षा तुझं लोखंडाशी जास्त पटतं, असा आईचा टोमणा असतो, आणि तो खोटा नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी तुमसरच्या त्या कामाबद्दल मी कुठे बोलत नाही. घरात तर नाहीच.

दिवाळी नुकतीच झाली होती आणि धानाची आवक जोरात होती. सिहोरा रस्त्यावर हेमराजभाऊंची राइस मिल आहे. तिथल्या गोडाऊनमध्ये पोत्यांच्या थप्प्यांऐवजी रॅक लावायचे होते. कोणत्या पद्धतीचे, ते ठरवायला नागपूरच्या ऑफिसने मला पाठवलं. मी मोहाडीची, शिवाय माझा धाकटा भाऊ धर्मेंद्र त्याच मिलमध्ये फोर्कलिफ्ट चालवायला लागला होता. आमचा धर्मेंद्र म्हणजे रस्त्यात कुणाची गाडी फसलेली दिसली की स्वतःचं काम टाकून धक्का मारायला जाणारा. मी त्याला यावरून कितीतरी वेळा झापलं असेल.

हेमराजभाऊंनी चहा मागवला आणि सरळ विचारलं, "मॅडम, दोन्हीत फरक काय थे सांगा."

मी सांगितलं. एका पद्धतीत प्रत्येक रांगेसमोर वाट सोडतात. कोणताही पॅलेट कधीही काढता येतो, पण वाटांमध्ये जागा जाते. दुसऱ्या पद्धतीत खोल गल्ल्या करतात. फोर्कलिफ्टच आत शिरते आणि दोन्ही बाजूंच्या रेलवर मागून पुढे माल भरत येते. माल भरपूर मावतो, पण सगळ्यात मागचा पॅलेट पुढचे सगळे निघाल्याशिवाय हलत नाही.

"मंग गल्ल्याच करा," भाऊ म्हणाले. "तुमच्या मानसायनं नमुना उभा केलाच हाय कोपऱ्यात. पाहून घ्या. फक्त थप्पी नको आता. थप्पी मले पाहावत नाही."

थप्पी त्यांना का पाहवत नव्हती, ते मला दुपारी कळलं.

नमुन्याची गल्ली गोडाऊनच्या अगदी मागच्या कोपऱ्यात होती. मागे भिंत, दोन्ही बाजूंना मागची, मधली आणि तोंडाजवळची अशा तीन-तीन रेल, आणि पुढे एकच तोंड. अजून त्यावर एक पोतंही ठेवलेलं नव्हतं. मी नेहमीप्रमाणे प्रत्येक रेलवर दोरा ताणून बांधला. रेल सरळ असली की दोरा तिला टेकून राहतो, वाकली की मध्ये फट दिसते. बांधून होतंय तोच लाईट गेली. वर पत्रा, खिडक्या नाहीत, त्यामुळे भर दुपारी आत काळोख झाला. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा आंबूस वास एकदम दाट वाटायला लागला.

हमाल बाहेर मोहाच्या झाडाखाली जेवत होते. आत एकटी रत्नाबाई सांडलेला तांदूळ झाडत होती, आणि अंधारातही तिचा झाडू थांबला नव्हता. मोबाईलच्या उजेडात मला पाहून ती जवळ आली.

"ह्या गल्लीले मांगून दार ठेवान ना, बाई?"

"मागे भिंत आहे, मावशी. दार कसं ठेवणार?"

"माह्या मानसाच्या टायमालेबी भिंतच होती," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिचा नवरा, सोमाजी, इथलाच हमाल. होळीच्या आधी याच कोपऱ्यात थप्पी कोसळली तेव्हा तो पाठीवर पोतं घेऊन भिंतीकडे उभा होता. आतून त्याचा आवाज येत होता. सगळे समोरून पोती उपसत राहिले. भिंत फोडा, मागून काढा, असं ती ओरडत होती, पण त्या गोंधळात तिचं कुणी ऐकलं नाही.

"काय म्हणत होते ते?"

"हात लावा, म्हने. आनखी काय म्हनन? पाठीवर पोतं होतं ना." तिनं पायापाशी सांडलेला तांदूळ झाडूनं ओढून घेतला. "आमच्यात ज्यानं पोतं उचलाले हात लावला, त्यानंच उतरवाले जावं लागते, बाई. मंधात सोडता येत नाही. त्या दिशी ज्यानं हात लावला, थो चहा प्याले गेला होता. सापडला तवाबी पोतं पाठीवरच होतं त्याच्या."

अशा वेळी मी कामात डोकं घालते. मी गल्लीत शिरले आणि सगळ्यात मागच्या रेलवर उजेड टाकला.

दोऱ्याखाली फट होती. बोट सहज जाईल एवढी.

रेल रिकामी होती. मी चरफडले, कारखान्याने वाकडा माल पाठवला असं वाटलं, उद्या कुणाला फोन करून फैलावर घ्यायचं तेही ठरवलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती रेल हळूच करकरली आणि वर आली. दोरा तिला पुन्हा टेकला. वजन उचलल्यावर रेल अशीच वर येते. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, फक्त त्या वेळी समोर माल असतो.

मग मधली रेल वाकली.

मला ओल्या बारदानाचा वास आला, आणि त्यात घामाचा. मी उलट्या पावली गल्लीच्या तोंडाकडे सरकायला लागले. मधली रेल वर आली, आणि तोंडाजवळची, माझ्या खांद्याशेजारची, खाली बसायला लागली. अगदी सावकाश, ओझं घेतलेला माणूस पाय टाकतो तशी.

गल्लीच्या तोंडाशी धर्मेंद्रची फोर्कलिफ्ट येऊन थांबली. तो उतरल्याचा आवाज आला.

"ताई? आत हाय का तू? लाईट गेली, भेवशीन म्हून..."

तेवढ्यात माझ्या आणि त्याच्या मधून कुणीतरी बोललं. थकलेला, अगदी साधा आवाज.

"हात लाव गा..."

"हो हो, लावतो ना," धर्मेंद्र म्हणाला.

मी उजेड फिरवला. माझा भाऊ वाकून, दोन्ही हात पुढे करून, काहीतरी वर ढकलत होता. त्याच्या दंडाच्या शिरा ताणल्या होत्या. मग हात मोकळे झाले, आणि त्याने ते पँटला पुसले.

लाईट आली. सगळ्या रेल सरळ होत्या, दोरे टेकलेले होते.

"हमाल होता ना कोनी," तो म्हणाला. "गेला वाट्टे."

रत्नाबाई गल्लीच्या तोंडाबाहेर, फोर्कलिफ्टपाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं धर्मेंद्रकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे पाहिलं, आणि हातातला झाडू खाली ठेवून बाहेर निघून गेली.

मी तशीच हेमराजभाऊंकडे गेले. आवाज चढा होता. "गल्लीचे रॅक होणार नाहीत. मागे भिंत आणि पुढे एकच तोंड, अशा जागी माझा भाऊ गाडी घालणार नाही. मोकळ्या वाटांचे घ्या. भिंतीपासून दूर, दोन्हीकडून उघडे."

जागा किती वाया जाईल यावरून ते भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मीबी उपसत होतो ना मॅडम, समोरून," ते म्हणाले. "तुम्ही म्हनता तसंच करा."

तसंच केलं. नमुन्याची गल्ली मी माझ्यासमोर खोलायला लावली. रॅकमागे भिंतीलगत वाट सोडली, मागच्या भिंतीत दार काढलं. रॅक उभे राहिले तेव्हा मी प्रत्येक रेलवर दोरा लावला, रिकाम्या असताना आणि भरल्यावरही. सगळं चोख होतं. गोडाऊनमध्ये आता तो ओल्या बारदानाचा वाससुद्धा उरला नव्हता. खरं सांगते, मला स्वतःचा अभिमान वाटला. भावाला वाचवलं म्हणून डोळे भरून आले, आणि मी काही सारखी रडणारी बाई नाही.

काम संपलं त्या संध्याकाळी मोहाडीला जायला मी मिलच्या गेटवर उभी होते. धर्मेंद्र मोटरसायकल घेऊन आला. इतक्या दिवसांत मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. तो खांद्यातून वाकला होता. गाडी माझ्यासमोर थांबली, आणि माझी नजर सवयीने मागच्या चाकावर गेली.

टायर चपटा झाला होता. शॉकअप पार खाली बसले होते. मागची सीट रिकामी होती.

"बस ना, ताई," तो म्हणाला. "जराशी मांगं सरकून बस."

"धर्मेंद्र..."

"मी रोज विचारतो त्याले," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. त्याचा आवाज फार थकलेला होता. "कुठी उतरवाचं, थे सांगतच नाही."

मी बसले. दुसरं काय करणार, भाऊ आहे माझा. घरापर्यंत मी त्याच्या खांद्याला धरायचा प्रयत्न करत होते. त्याच्या पाठीच्या आणि माझ्या मध्ये एका पोत्याएवढी जागा होती, आणि माझा हात तिच्या पलीकडे पोचत नव्हता.