पांढरी पडलेली अंगठी

“बदलली! कुणीतरी माझी अंगठी बदलली!”

टाचणी कामाच्या खोलीत खिडकीपाशी उभी राहून डोळे फाडून स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. नक्षी तीच. आतल्या बाजूचा ओरखडाही तोच. पण परवा हात धुताना खिडकीबाहेरच्या दगडी कट्ट्यावर काढून ठेवली, तेव्हा अंगठी सोन्याची होती, पिवळीधमक! आणि आज ती पांढरीफटक होती.

“बघू,” म्हणत ढापण्याने चष्मा वर सारला. तो टाचणीचा मावसभाऊ. घर त्याचंच आणि ही कामाची खोली त्याच्या आईची. “छे, बदललेली नाही. हा ओरखडा माझ्याच हातून पडला होता.”

“तुझ्या हातून? आणि मला म्हणालास, उंदराने कुरतडली!”

“ते भांडण नंतर! आधी सांग, सोन्याची चांदी कशी होईल?”

“भूत!” शेपूट दबक्या आवाजात म्हणाला. टाचणीचा हा आठ वर्षांचा भाऊ ती जाईल तिथे मागे मागे असायचा, म्हणून त्याचं नाव शेपूट. “सोनं चाटणारं भूत! पिवळं चाटून खातं नि पांढरं थुंकतं.”

दोघंही हसली. पण टाचणीने ती अंगठी काही बोटात घातली नाही. का कोण जाणे, तिला स्वतःच्याच अंगठीची भीती वाटली. तिने ती कागदात गुंडाळली.

तेवढ्यात मागे खण्ण आवाज झाला. तिघंही दचकली.

टेबलाशी कामात गढलेल्या मावशीच्या, म्हणजे ढापण्याच्या आईच्या, हातून चिमटा पडला होता. सकाळपासून तिसऱ्यांदा!

“हात घामेजलेत गं,” मावशी हसून म्हणाली आणि चिमटा उचलायला वाकली.

पण टाचणीने नीट पाहिलं होतं. हात कोरडे होते. आणि ते थरथरत होते.

मावशीची ओळख म्हणजे तिचे हात! सोन्याची केसाएवढी तार ओढायची, तिची पाकळी वळवायची, फुंकणीने इवलीशी ज्योत वळवून पाकळीला पाकळी झाळून जोडायची. मोहरीहून लहान मणी ती फुलाच्या मधोमध ठेवायची, तेव्हा मुलंच श्वास रोखायची. मावशी मात्र खुशाल गुणगुणत असायची. आज ती गुणगुणत नव्हती. मणी टेबलावरून घरंगळत गेला आणि ती नुसती बघत राहिली.

तिच्या प्रत्येक दागिन्याबरोबर एक छोटी चिठ्ठी जायची. धातू कुठला, कुणी काढला, कसा काढला. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी शेपटाने विचारलं होतं, “ही चिठ्ठी कशाला? गिऱ्हाईक दागिना घालणार की वाचणार?”

“दोन्ही!” मावशी म्हणाली होती. “काही ठिकाणी सोन्याच्या मातीत पारा कालवतात. पारा सोनं पोटात घेतो. मग तो गोळा तापवायचा, की पारा उडून जातो आणि सोनं खाली राहतं.”

“उडून कुठे जातो?”

“हवेत. आणि हवेतून माणसांत. त्या वाफेला ना रंग, ना वास. आधी हात थरथरतात, मग माणूस विसरायला लागतो, उगाच चिडतो. आपल्या गळ्यातल्या फुलासाठी कुणाचे तरी हात का जावेत? म्हणून मी सोनं घेते ते वाळूकाकांचंच. नदीची वाळू हाताने धुऊन काढलेलं. पाऱ्याचा एक थेंब नाही!”

वाळूकाका दुपारी आलेच. गोल चेहरा, मोठा आवाज, खिशात गोळ्या. “घ्या बाळांनो!” त्यांनी डाव्या हाताने गोळ्या वाटल्या. उजव्या हाताच्या एका बोटाला मळकी पट्टी होती.

“अजून दुखतंय, काका?” टाचणीने विचारलं.

“पत्र्याने कापलं गं. होईल बरं!” म्हणत त्यांनी हात खिशात घातला आणि ते खिडकीखालच्या शेडकडे निघून गेले. वाळू धुवायला ती शेड मावशीनेच त्यांना दिली होती.

संध्याकाळी शेपटाचा पाय लागून पाण्याचा पेला सांडला. बस, एवढंच! मावशी अशी कडाडली, की शेपूट भिंतीला चिकटला. ही मावशी? हिने तर गेल्या सुट्टीत त्याने शाईची बाटली उलटी केली तेव्हा त्या डागाला शेपूट नि कान काढून त्याचा ससा केला होता!

तिघं जिन्यावर येऊन बसली. ढापण्या चष्मा पुसत होता. स्वच्छ चष्मा, पुन्हा पुन्हा.

“आईला काहीतरी झालंय,” तो हळूच म्हणाला. “काल तिने मला दोनदा विचारलं, शाळेला सुट्टी कधी लागणार? आपल्याला सुट्टी लागून दहा दिवस झालेत!”

“पाऱ्यानेही हात थरथरतात ना?” शेपटाने विचारलं. “आणि माणूस चिडतो. आणि विसरतो.”

टाचणीने खिशातला कागद बाहेर काढला. ढापण्याने तो हातातही घेतला नाही. त्याचा चेहरा अंगठीसारखाच पांढरा पडला होता.

“पारा लागला की सोनं पांढरं होतं,” तो म्हणाला. “विज्ञानाच्या बाई सांगायच्या, पारा हाताळताना अंगठी काढून ठेवा. टाचणी, तो कागद काचेच्या बाटलीत टाक आणि झाकण घट्ट लाव. आत्ताच्या आत्ता!”

त्यांनी मावशीला सांगितलं. ती ऐकायलाच तयार नव्हती. “माझ्या घरात पारा? अरे, मी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही! जा, खेळा!” बोलताना तिने हात पदराखाली लपवला. टाचणीला कळलं, मावशीही घाबरली आहे.

“पुरावा हवा,” टाचणी म्हणाली.

पुराव्याची युक्ती ढापण्याची. मावशीच्या कपाटात सोन्याच्या वर्खाची छोटी वही होती. फुंकर मारली तर उडेल इतका पातळ वर्ख! त्याचे पाच तुकडे त्यांनी पाच पुठ्ठ्यांवर चिकटवले आणि एकेक स्वयंपाकघरात, माडीवर, जिन्यात, मावशीच्या टेबलाखाली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं. स्वयंपाकघरातला पिवळा. माडीवरचा पिवळा. जिन्यातलाही पिवळा. टेबलाखालचा मळकट राखाडी. आणि कट्ट्यावरचा... त्यावर सोनं होतं हे सांगूनही कुणाला पटलं नसतं!

“भूत खिडकीतून येतं,” शेपूट कुजबुजला. या वेळी कुणी हसलं नाही.

अंगणात जाऊन त्यांनी वर बघितलं. शेडच्या छपरातून पत्र्याचं एक नळकांडं वर गेलं होतं आणि त्याचं तोंड कट्ट्याच्या जेमतेम वीतभर खाली उघडत होतं.

“हे गेल्या सुट्टीत नव्हतं,” ढापण्या म्हणाला. “काका दुपारी शेडमध्ये असतात आणि आई तेव्हा टेबल सोडून जेवायलासुद्धा उठत नाही. खिडकी सताड उघडी!”

बेत ठरला. उद्या दुपारी काका शेडमध्ये शिरले, की ढापण्याने धावत जाऊन मावशीला आणि पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना आणायचं. टाचणीने दाराच्या फटीतून लक्ष ठेवायचं. शेपटाने माडीवर बसायचं.

“मीच का?”

“तू लहान आहेस म्हणून!”

“मी दरवर्षीच लहान असतो!” शेपूट पाय आपटत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सगळं ठरल्यासारखं झालं. काका आले. दार आतून लागलं. ढापण्या सुसाट पळाला. टाचणीने फटीला डोळा लावला.

काकांनी स्टोव्ह पुढे ओढला. पिशवीतून राखाडी चकाकणारा एक गोळा काढून लोखंडी थाळीत ठेवला. हाच तो पोटात सोनं घेतलेला पारा! आता मावशी येईपर्यंत गप्प राहायचं. दोन मिनिटं. फार तर तीन.

काकांनी काड्यापेटी हातात घेतली. आणि टाचणीला काहीतरी दिसलं.

कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांचा ढीग होता. त्याखालून लाल चप्पल बाहेर डोकावत होती. शेपटाची!

मूर्ख मुलगा भूत बघायला आत जाऊन बसला होता! दार बंद. खिडकी बंद. आणि काकांच्या हातात काडी.

गप्प राहिलं तर पुरावा मिळेल. ओरडलं तर काका सावध होतील, मग मावशी कुणावर विश्वास ठेवणार?

काडी पेटीवर टेकली.

“काडी ओढू नका!” टाचणीने दोन्ही मुठींनी दार बडवलं. “काका, आत शेपूट आहे! शेपूट आहे आत!”

काड्यापेटी खाली पडल्याचा आवाज आला. काहीतरी सरकलं, पाणी डुचमळलं. मग कडी निघाली आणि काकांनी दंडाला धरून शेपटाला बाहेर ढकललं. टाचणीने त्याला ओढत अंगणाच्या पार टोकाला नेलं आणि एक धपाटा घालून घट्ट मिठी मारली.

मावशी, ढापण्या आणि डॉक्टरीणबाई पोचल्या तेव्हा थाळी रिकामी होती. काका हसत होते.

“खेळतायत पोरं! ताई, हे बघा वाळूचं घमेलं. कसला पारा नि कसलं काय!”

मावशीचा चेहरा उतरला. “नऊ वर्षं भाऊ माझ्याकडे सोनं आणतायत. माफी मागा त्यांची. तिघंही!”

टाचणीचे डोळे भरून आले. ढापण्या पायांकडे बघत होता. काकांनी कपाळावरचा घाम पट्टीच्या हाताने पुसला.

“काका,” शेपूट म्हणाला, “तुमचं बोट बरं का होत नाही? माझा गुडघा चार दिवसांत बरा होतो.”

“होईल रे...”

“डॉक्टरीणबाई इथेच आहेत की!” टाचणी एकदम म्हणाली. “दाखवा ना त्यांना, काका. चिघळलं तर?”

काकांनी हात मागे घेतला. “काही नाही तिथे.”

“काही नाही, तर पट्टी कशाला?” डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. “द्या हात.”

पट्टी उलगडली. जखम नव्हतीच. जाडजूड बोटात एक अंगठी रुतून बसली होती, साबण लावूनही न निघणारी. पांढरीफटक.

“चांदीची आहे,” काका पुटपुटले.

“नाही!” मावशी अगदी हळू आवाजात म्हणाली. “ती मी घडवलीय. तुमच्या वाढदिवसाला. काठावरची वेल माझी, सोनं माझं. भाऊ... पट्टीखाली काय लपवलंत हे?”

काका मटकन पायरीवर बसले. घमेल्यातलं सोनं आता पुरत नव्हतं, म्हणून ते दुसऱ्यांकडून पाऱ्याचे गोळे घेत होते आणि इथे तापवत होते. “जराशी वाफच तर, वाऱ्याने जाईल असं वाटलं! ताई, नळकांडं वर केलं होतं मी.”

“वरच तर मी बसते!”

काकांनी तोंड झाकायला हात उचलले. तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, तेही हात थरथरत होते.

“मला वाटलं, वय झालं,” ते म्हणाले. आता ते सर्वांत जास्त घाबरलेले दिसत होते.

डॉक्टरीणबाईंनी शेडला आणि कामाच्या खोलीला कुलूप लावायला सांगितलं आणि सगळ्यांच्या तपासण्या केल्या. मुलं सुखरूप होती. सफाई करणारी माणसं मुखवटे घालून आली. तो राखाडी गोळा त्यांना पाण्याच्या टाकीत सापडला. बाटलीतली अंगठीही त्यांनी नेली. काकांची अंगठी दवाखान्यात कापून काढावी लागली.

“अजून महिनाभर ती हवा छातीत गेली असती, तर मी काही सांगू शकले नसते,” डॉक्टरीणबाई मावशीला म्हणाल्या. “आता हात सुधारतील. हळूहळू. आणि पोरांनो, दार बडवलंत ते शंभर नंबरी काम! शेपूटराव, तुम्ही आत शिरलात ते मात्र शून्य नंबरी!”

मावशीने एक काम स्वतः केलं. यंदा ज्यांच्या ज्यांच्याकडे तिची चिठ्ठी गेली होती, त्या प्रत्येकाला पत्र लिहिलं, ‘मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला ते माहीत नव्हतं, पण मी बघायला हवं होतं. यापुढे नदीवर मी स्वतः जाईन.’ अक्षर वेडंवाकडं होतं. ढापण्या म्हणाला, मी लिहू का? ती नाही म्हणाली.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ती माडीवरच्या नव्या टेबलाशी बसली. स्वतःची जुनी बांगडी तिने मुशीत वितळवली, पट्टी ठोकली, वळवली आणि झाळली. पूर्वी तासाभराचं काम, त्याला सबंध सकाळ लागली. मुलं श्वास रोखून उभी होती. शेवटी काठावर नाजूक रेघ कोरताना हात एकदा थरथरला आणि रेघ लाटेसारखी वर गेली.

“थांब, कानशीने घासून टाकते.”

“नको!” टाचणीने अंगठी झटकन बोटात घातली. “ती लाट तशीच राहू दे.”

मावशीने तिच्याकडे बघितलं आणि मग कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. “मग या वेळची तूच लिही. तुम्ही डोळे उघडे ठेवलेत, म्हणून मी आज इथे बसलेय.”

टाचणीने लिहिलं, ‘धातू: मावशीची जुनी बांगडी. कुणी घडवली: मावशीने. कशी:’ आणि ती थांबली.

खांद्यावरून वाकून शेपूट म्हणाला, “लिही ना! भुताशिवाय!”

मावशी खळखळून हसली. मग तिने फुंकणी उचलली आणि किती दिवसांनी ती गुणगुणायला लागली.