बारा केबीचं घर

राजेश्वरीनं शंभूराजला नकार दिला. साफ, लेखी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.

आता हे वाक्य विसरून जा. असं काही घडलंच नाही, असं धरून चला. खुद्द राजेश्वरी सात महिने तसंच धरून चालली होती, आणि त्यासाठी तिला सोंगही करावं लागलं नाही... तिला माहीतच नव्हतं.

तर, ऑगस्टातली गोष्ट. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यापुढं दोन माणसं उभी होती. बाहेर रिपरिप, आत ओल्या छत्र्यांचा वास. राजेश्वरी एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायची. नकाशाची प्रिंट घ्यायला आली होती. तिच्या मागं एक तरुण, केसांतून पाणी निथळतंय, हातातल्या पिशवीत पंचवीस-तीस फौजी टोप्या.

"घ्या, आदी तुमी घ्या," तो म्हणाला.

"नको, तुमचं होऊ द्या. तुमच्या टोप्या भिजतायत."

"टोप्या न्हाई भिजत. मी भिजलोय."

तिनं वळून पाहिलं. खरंच होतं. टोप्यांना प्लास्टिक होतं, त्याला काहीच नव्हतं. ती हसली, आणि नेमकी तेवढ्यात लाईट गेली. हसू कुणाला नीट दिसलं नाही. अंधारात दोघांनी चाचपडत आपापला काळा पेन ड्राईव्ह उचलला... म्हणजे एकमेकांचा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं तो जोडला, तर आत 'सुभेदार', 'हवालदार', 'पोपट मोठा' अशा नावांच्या फायली. सगळ्यांच्या नावापुढं टिंब आणि एकच शेपूट, डीएसटी. हे शेपूट राजेश्वरीच्या रोजच्या ओळखीचं. एका घराच्या सगळ्या नकाशांची गड्डी त्याच नावानं बांधलेली असते. तिनं क्लिक केलं. सॉफ्टवेअर म्हणालं, ही फाईल वैध नाही.

"गाण्याची असंल," शेजारच्या टेबलावरची सिमरन म्हणाली. सिमरन कुठल्याही अडचणीत हात घालायची आणि अडचणीचा हात मोडायची. तिनं 'हवालदार' गाण्याच्या प्लेअरमध्ये टाकला. तो गायला नाही. मग नोटपॅडमध्ये उघडला. कीबोर्डवरून कोंबडी चालत गेल्यासारखी अक्षरं आली.

तेवढ्यात फोन वाजला. तिच्या पेन ड्राईव्हवर नंबराची चिठ्ठी होती.

"आवं म्याडम, तुमचं घर माझ्या मशीनवर बसंना."

"कोण बोलतंय?"

"भिजलेला."

ती म्हणाली, "आणि तुमचा हवालदार गाईना."

"गाईल कसा? त्यो छातीवर बसतो. मी कराडचा शंभूराज. नावं शिवतो मशीनवर, फौजी लोकांची. भरतकामाची फाईलबी डीएसटीच असती. तुमची कशी काय डीएसटी?"

दोन धंदे. एकमेकांशी ओळख नाही, देणंघेणं नाही, आणि दोघांच्या फायलींना शेपूट मात्र एकच. कॉम्प्युटर बिचारा शेपूट बघून दार उघडतो. आत कोण आहे ते त्याला कळत नाही. माणसांचंही बरंचसं असंच असतं, पण माणसं निदान 'वैध नाही' असा बोर्ड दाखवत नाहीत. चहा पाजतात.

शंभूराजनं चहा पाजला. रविवारी ती पेन ड्राईव्ह बदलायला कराडला गेली, तेव्हा स्टँडमागच्या त्याच्या एका खोलीच्या दुकानात पंधरा सुयांचं मशीन घरघरत होतं. तिच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या कापडावर आधी एक चोच आली, मग डोळा, मग अख्खा पोपट.

"हिरवा कुठून कळला त्याला?" तिनं विचारलं.

"त्याला कशाला कळतंय! फाईलीत रंग नसतोच. नुसतं टाकं कुठं पडायचं तेवढं असतं. दोरा माणसानं लावायचा."

"म्हणजे लाल लावला असता तर?"

"तर पोपट लाजला असं म्हणलो असतो."

त्यानं हे मशीनकडं बघत म्हटलं. तरी तिचेच कान तापले.

मग त्याची एक रीतच पडली. दर बुधवारी तो तिला व्हॉट्सअॅपवर एक डीएसटी पाठवायचा. फोटो नाही, नुसती फाईल. तिच्याकडं ती उघडायची सोय नव्हती. आत काय आहे ते बघायचं तर रविवारी कराडला येऊन, मशीनपाशी स्टूल घेऊन बसावं लागे. एकदा छत्री निघाली. एकदा तिची वेणी, पाठमोरी. एकदा नुसताच एक टाका.

"हे काय?"

"घाईत हुतो... पण बुधवार चुकवायचा न्हवता."

सातारा-कराड तासा-दीड तासाचा रस्ता. एका टाक्यासाठी ती आली होती. परत जाताना तो टाका तिनं पर्समध्ये ठेवला.

ऑक्टोबरात शंभूराज म्हणाला, "वडिलांनी गावाकडं दोन गुंठं दिल्यात. घर काढून दे."

"कुणासाठी?"

"मशीनसाठी. आणि..." तो बॉबिन बदलू लागला. बॉबिन भरलेली होती.

तिनं घर काढलं. दोन खोल्या, पुढं मशीनची खोली, मागं स्वयंपाकघर. आणि इथंच सिद्धू आला. सिद्धू म्हणजे शंभूराजचा चुलतभाऊ, कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, अंगात ज्ञान मावत नसलेला. तो तिच्या नकाशात बदल करायचा आणि बदललेली गड्डी शंभूराजच्या फोनवरून तिला धाडायचा. अकरा वेळा त्यानं स्वयंपाकघर हलवलं. एकदा ते संडासातून गेल्याशिवाय सापडत नव्हतं.

राजेश्वरी नगरपालिकेच्या भाषेत उत्तरं द्यायची. 'मंजूर.' 'त्रुटींसह परत.' खाली गोल शिक्क्याचं चित्र. शंभूराजला ते फार आवडे. "साहेब काय म्हणत्यात?" असं तो फोनवर विचारायचा, आणि ती आवाज जाड करून म्हणायची, "साहेब जेवायला गेलेत."

अठ्ठावीस नोव्हेंबरला ऑफिसात आग लागल्यासारखी घाई होती. तीन फायली चारच्या आत दाखल करायच्या होत्या. बुधवार नव्हता. शंभूराजच्या नंबरवरून फाईल आली. नाव 'घर'. शेपूट डीएसटी. तिनं क्लिक केलं. वैध नाही.

तिला वाटलं, सिद्धू. बारावा बदल, आणि या वेळी त्यानं फाईलच मोडली. तिनं हसत हसत टाईप केलं : 'प्रस्ताव नामंजूर. पुन्हा सादर करू नये.' खाली शिक्का. वेळ तीन दहा.

दोन निळ्या खुणा आल्या. बऱ्याच वेळानं एक शब्द आला. 'बरं.'

पुढच्या बुधवारी फाईल आली नाही. त्याच्या पुढच्याही. तिनं फोन केला, तर "कामात हाय" म्हणाला. पुन्हा केला, तर म्हणाला, "मशीन सांगलीला हलवतोय. मामा म्हणतोय तिकडं धंदा बरा हाय."

"आणि घर?"

"साहेबांनी सांगितलंय न्हवं."

ती हसली! तिला तो चेष्टेचाच पुढचा भाग वाटला. तिचं हसू ऐकून त्यानं फोन ठेवला. मग तिला राग आला. एवढा काय भाव खायचा... आता पहिली फाईल त्यानंच पाठवावी, म्हणून ती वाट बघत बसली. थंडी गेली, ऊन आलं. वैशाखात सिद्धूनं शंभूराजच्या लग्नाची पत्रिका तिलाही व्हॉट्सअॅपवर पाठवली. चुकून त्यानं तीही दोनदा बदलली होती.

त्या दिवशी तिनं सहा घरं काढली. एकाही घराला दार काढायचं सुचलं नाही.

जूनअखेर तिच्या फोनची जागा संपली. सिमरन शेजारी बसून नको ते पुसत होती. "ही 'घर' कसली गं? बारा केबी?"

"नकाशा आहे. मोडलेला."

"बारा केबीत घर मावतं व्हय गं? तुझ्या एका संडासाला त्याहून जास्त लागतंय."

राजेश्वरीनं फोन हातात घेतला. बारा केबी. शंभूराजची छत्री दहा केबीची होती. वेणी चौदाची.

सिमरननं खाली जाऊन रिक्षा थांबवली.

साताऱ्यातल्याच एका गल्लीत सिकंदरभाईंचं भरतकामाचं मशीन होतं. त्यांनी फाईल घेतली, कापड फ्रेमवर ताणलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "दोरा कंचा लावू, बेटा?"

तिला सांगता येईना. सिकंदरभाईंनी वाट बघून जो होता तो लावला, करडा. मशीन घरघरू लागलं. आधी एक भिंत आली. मग दुसरी. तिचीच रेघ होती ती, तिनंच काढलेली. मशीनची खोली, मधलं दार, स्वयंपाकघर... पहिल्या जागेवर, जिथं तिनं ठेवलं होतं तिथंच. मग सुई उंबऱ्याबाहेर गेली आणि तिथं चपलांचे दोन जोड शिवले. एक मोठा, एक लहान. खाली अक्षरं आली.

'येतीस का?'

"कापडामागं आधाराला लावलेला पेपर काढून देऊ?" सिकंदरभाईंनी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. तसंच."

सांगलीत गणपती पेठेजवळ शंभूराजचं नवं दुकान होतं. मोठं, काचेचं. तो तिला बघून उठला आणि उठल्यावर काय करायचं ते त्याला आठवेना. आतून त्याची बायको संयोगिता आली. चेहऱ्यावर नव्या संसाराचा उजेड, हातात चहा. "बसा की ताई. साताऱ्याहून आलाय? दमला असाल." आणि ती मागं भांडी आवरायला गेली. चांगली होती. हेच वाईट होतं.

राजेश्वरीनं कापड काउंटरवर ठेवलं. त्यानं पाहिलं. बराच वेळ बोटानं एक भिंत चाचपत राहिला.

"आज उघडली व्हय?"

"परवा. मला वाटलं सिद्धूचा नकाशा आहे. मी... शंभूराज, मी नकाशाला नाही म्हणाले होते."

"नकाशालाच?"

"स्वयंपाकघराला."

तो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले, आणि त्यानं मशीनकडं तोंड फिरवलं. "मी फोन लावणार हुतो गं. धा वेळा लावला मनात. पण तू लिवलंवतंस पुन्यांदा सादर करू नये... म्हणलं, साहेब एवढं स्पष्ट बोलत्यात, तर मानाय पायजे."

"दोरा कुठला लावायचा होता?"

"तू बाजूला बसून सांगणार हुतीस त्यो."

मागं भांडी वाजली. चहावर साय आली होती. तिनं तो तसाच प्यायला, सगळा, कारण संयोगितानं प्रेमानं केला होता. निघताना कापड काउंटरवरच राहिलं, आणि तिकडं पाहायचं दोघांनीही टाळलं.

सांगली स्टँडवर साताऱ्याच्या गाडीला पाऊण तास होता. राजेश्वरी चौकशीच्या खिडकीशी गेली आणि तक्रार-सूचनांची वही मागितली. आतल्या बाईंनी वहीवरची धूळ झटकून ती पुढं सारली. राजेश्वरीनं सवयीनं समास सोडला, तारीख टाकली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'विषय : जादा गाडी सोडणेबाबत.

महोदय,

आपल्या स्थानकातून गेल्या वर्षीच्या अठ्ठावीस नोव्हेंबरला, दुपारी तीन वाजायच्या आत पोहोचणारी एकही गाडी नाही. त्यामुळे प्रवाशांची गैरसोय होत आहे. तरी सदर गाडी आजच सोडण्यात यावी, ही नम्र विनंती. प्रवासी एकच आहे. उभ्याने जाण्यास हरकत नाही.'