अंधारातली रोपं

"सकाळी प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं आणि बघते तर सगळी रोपं हिरवी!" मुलगी अ‍ॅप्रनचं बटण पिळत म्हणाली. पांढऱ्या अ‍ॅप्रनवर ते काळ्या दोऱ्याने घट्ट शिवलेलं होतं.

"हिरवी झाली तर रडायचं कशाला?" भावजींनी विचारलं. त्यांच्या वहिनी खासगी तपासनीस होत्या. भावजी सोबत असत ते पिशवी धरायला आणि भलते प्रश्न विचारायला.

"माझा प्रयोगच अंधारात वाढणाऱ्या रोपांवर आहे. ती पिवळीच राहायला हवीत. क्षणभर उजेड लागला तरी सगळं वाया, हे विभागात सगळ्यांना माहीत आहे. परीक्षा तोंडावर आलीय, नवी रोपं वाढवायला वेळ नाही. पदवीबरोबरचा संशोधनाचा ऑनर्स गेला माझा."

वहिनींनी कपाटात डोकं घातलं. माती ओली होती. एका कुंडीतली रोपं दाराकडे झुकलेली, शेजारच्या कुंडीतली भिंतीकडे, तिसरीतली तिसरीकडेच.

"काल सुट्टीच्या दिवशी कुठे होतीस?"

"ग्रंथालयात, फोन बंद करून."

"आणि घरी कधी गेली होतीस?"

मुलगी अडखळली. "बरेच महिने झाले. आई इकडे येते म्हणत होती. मीच म्हटलं, ऑनर्स मिळू दे, मग निवांत भेटू."

प्रयोगशाळेची किल्ली तिच्याशिवाय तिघांकडे होती. वर्गमित्र फणकारला, "मी माशांवर काम करतो. मला तिच्या कुंड्यांशी काय घेणंदेणं?" मार्गदर्शक सर म्हणाले, "तिचा ऑनर्स बुडाला तर नाक माझंच कापलं जाणार." पहारेकऱ्याने किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. "परकं माणूस मी आत सोडत नाही, बाई."

"तो मित्रच!" भावजी कुजबुजले. "घाम बघितलात त्याचा?"

"उकडतंय, भावजी. तुम्हालाही आलाय."

वहिनी पुन्हा एकट्याच पहारेकऱ्याशी बोलून आल्या आणि मुलीसमोर बसल्या.

"ज्याला घात करायचाय, त्याने कपाटाचं दार क्षणभर उघडलं तरी काम फत्ते. पण इथे कुंड्या खिडकीत ठेवल्या होत्या. रोपं उजेडाकडे झुकली आणि कुंड्या परत ठेवताना वाटेल तशा फिरल्या, म्हणून प्रत्येकीचा कल वेगळा. शिवाय पाणीही घातलंय. वैरी पाणी घालत नाही गं. हे माया करणाऱ्याचं काम, आणि प्रयोग ठाऊक नसलेल्याचं. अ‍ॅप्रनचं बटण कोणी लावलं?"

मुलीने खाली पाहिलं. "हे तुटलं होतं. अ‍ॅप्रन इथेच खुंटीवर होता..."

"पर्समध्ये सुईदोरा घेऊन कोण फिरतं?"

"आई," ती पुटपुटली.

"काल दिवसभर ती इथे तुझी वाट बघत बसली होती. पहारेकरी तिला परकं कसं म्हणेल? तुझ्या कामात खंड नको म्हणून तिने त्याला, आपण आल्याचं तुला न सांगण्याची शपथ घातली. रोपं पिवळी पडलेली बघून तिला वाटलं, बिचारी उन्हावाचून आजारी पडलीत."

मुलीने बटणावरचा काळा दोरा चाचपला.

"आईला कळू देऊ नका," मुलगी म्हणाली. "कपाट माझ्याच हातून उघडं राहिलं असं सरांना सांगते."

"अगं, पण ऑनर्स?" भावजींना राहवलं नाही.

तिने फोन लावला. "आई, उद्या घरी येते."

"खरंच?" पलीकडचा आवाज भावजींनाही ऐकू आला. "अगं, पण तुझं काम?"

"झालं."

"मग राहशील ना दोन-चार दिवस? की लगेच पळशील?"

"राहीन," मुलगी म्हणाली आणि मग तिला रडू आवरेना.